गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

१५ एप्रिल, रविवार

शालूने ही वही दिली. तिच्या ट्रेनिंगची, मागली पानं कोरी आहेत. म्हणाली, "आजी, बडबडतेस तेवढं ह्यात लिही, म्हणजे आमच्या कानांना सुट्टी." घ्या! दुसरी बुकात शाळा सुटली माझी. जोडाक्षर आलं की पेन्सिल अडते. पण लिहीन. पुढे शालूचं नुसतं शा. लिहीन, बोटं दुखतात.

आज फाटकाशी बोर्ड लागला. उन्हाळी करमणूक. पाच रविवार, पाच जागा. भजनाची डबलबारी, जादूचे प्रयोग, बायकांच्या फुगड्या, आणि आमच्या पोरांचं कलापथक. त्यात शा. गाणार! सून धाकट्याला घेऊन बोटीने गावी गेली. मला म्हणाली, आत्ये चला, आंबे पडतील. म्हटलं, पडू देत. लालबागात ह्या साली जे पिकलंय ते बघून मग आंबे.

दत्ताचं तोंड आंबट. माझा मुलगा हो. गिरणीत साच्यांवर दिवसभर उभा राहून येतो, जेवतो, बोलत नाही. शा.ला शाळेत नोकरी लागायची आहे, पत्र यायचं आहे, तोवर हिने गप्प बसावं असं त्याचं म्हणणं. पोरगी एकोणीस वर्षांची, गळा असा, आणि गप्प कशी बसेल?

१९ एप्रिल

गच्चीवर तालीम बघितली. बोर्डावर करमणूक आणि भक्तिगीतं लिहिलंय, परवानगी तशीच मिळाली. पण आत सगळं संयुक्त महाराष्ट्राचंच. वग असा, की नवरी सासरी निघाली आणि बापाने तिची नथच काढून घेतली. नवरी म्हणते, शालू दिला, पैंजण दिले, माझी नथ कुठाय? की लोकांनी ओरडायचं, "मुंबई!" भिकाजीने रचलंय. गिरणीत तार जोडता जोडता रचतो म्हणे.

भिकाजी बाप आणि गाणारा, बाबल ढोलकीला, गंगाराम झांजेला आणि हसवायला, पलीकडच्या चाळीतला कचरू पेटीवर. नवरी शा. शेवटी नथ सापडते ती खरी, माझी. पेटीतून काढून दिली. मोती धुतले. ह्यांनी आणली होती. हे दशावतारात राणीचं काम करायचे, नथ माझ्याआधी त्यांनीच घातलेली, असं सगळे चिडवायचे मला.

२२ एप्रिल, रविवार

परळच्या मैदानात पहिला खेळ. काय गर्दी! चटई अंथरून पुढेच बसले, शेवंता शेजारीण आणि मी. ऊन कलताना सुरू, दिवे लागेतो संपवायचं असा हुकूम आहे.

आधी आमच्या चाळीतल्या धोंडूमामांनी गाऱ्हाणं घातलं. नारळ हातात, डोळे मिटलेले. "बारा गावच्या बारा वेशीच्या म्हाराजा, ही लेकरा हयसर खेळ करूक उभी रवली हत." सगळे म्हणाले, होऽय म्हाराजा. मग नावं. "भिकाजी रामा, चाळ दोन, खोली एकोणीस, गायनाक उभो आसा, तेचो गळो सांभाळ." होऽय म्हाराजा. "बाबल सखाराम, चाळ तीन, खोली सात, ढोलकेर बसलो आसा, तेचो हात सांभाळ." गावचा देव मुंबईत चुकेल म्हणून खोली नंबरसुद्धा सांगायचा, ही मामांची जुनी पद्धत. गंगारामचं घेतलं. कचरूपाशी मामा थांबले, तर तो हसून म्हणाला, "मामा, आमच्या चाळीत आता देवदेव, गाऱ्हाणी बंद. माझा हात मी सांभाळतो." मामाही हसले. आणि नारळ फोडला.

शा.चं नाव नाही!

 खेळ रंगला, लोक मुंबई मुंबई ओरडले, नथ सापडली तेव्हा शेवंता रडली. पण मी अर्धी तिथे नव्हतेच. गावी एकदा गावकर गाऱ्हाण्यात ह्यांचंच नाव विसरले होते. त्याच वर्षी ह्यांची दोन बोटं गिरणीच्या पिंजणखात्यात गेली. तेव्हापासून माझा कान गाऱ्हाण्यावर असतो.

दुसरी एक गंमत. कोपऱ्यात एक गृहस्थ उभा होता. पांढरा शर्ट, एवढ्या उन्हाळ्यात काखेत छत्री, हातात छोटी वही. भराभर लिहीत होता. विचारलं तर म्हणाला, पेपरात लिहितो आजी, उन्हाळी कार्यक्रमांवर. म्हणजे पोरांची नावं छापून येणार! आणि त्यात आमचीच नाही.

२३ एप्रिल

दत्ताने आणलेला पेपर शा.कडून वाचवून घेतला. काही नाही आलं.

धोंडूमामांकडे गेले. "मामा, माझ्या नातीचं नाव खाल्लंत?" तर पान लावत बसले. "गो, विसारलंय. वय झाला." तोंडावर विसरलेल्या माणसाचं काही नव्हतं. म्हटलं, पुढच्या रविवारी घेतलं नाही तर मी मधेच उठून ओरडेन. म्हणाले, "बाय, काय काय नावां देवाक आपसूक ठावक असतत." असं कसं? मग नारळ तरी कशाला फोडायचा?

२९ एप्रिल, रविवार

वरळी कोळीवाड्यात दुसरा खेळ. सुकत घातलेल्या बोंबलांच्या मांडवांमधून वाट काढत गेलो. कोळणी अशा नटून आलेल्या की नवरी कोण कळेना. होड्यांच्या पुढ्यात रंगमंच, मागे समुद्र. शा.चा आवाज पाण्यावरून परत येत होता.

गाऱ्हाणं. भिकाजी, बाबल, गंगाराम, आणि मामांनी नारळ उचलला. उभीच राहिले मी. "थांबा मामा! शालिनी दत्ताराम, चाळ तीन, खोली एकतीस! तिचं घ्या!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामांनी दत्ताकडे पाहिलं. दत्ताने मान खाली घातली. मामा नाव हळूच म्हणाले, तर मी म्हटलं, "मोठ्याने! देव समुद्रापलीकडे आहे." मग त्यांनी मोठ्याने घेतलं. "शालिनी दत्ताराम, खोली एकतीस, तिचो आवाज सांभाळ." होऽय म्हाराजा! सगळ्यांत मोठा होय कोळणींचा.

छत्रीवाला आला होता. बरोबर आणलेलं कैरीचं पन्हं त्याला दिलं. बिचारा घामाने निथळत होता. म्हटलं, लिहिलंत ना माझ्या नातीचं? म्हणाला, "आजी, गडबडीत खोली राहिली." सांगितली. चाळ सांगितली. शाळेत लागणार आहे तेही. "छान, छान," म्हणाला. पेला परत देताना बोटाने कड पुसून दिला. चांगल्या घरचा वाटला. तपकिरी बूट, टाचेला नाल मारलेले, चालला की कट कट. पेपरात एवढं चालावं लागतं वाटतं.

२ मे

भिकाजीला उचललं. पहिली पाळी सुटताना गिरणीच्या दारात. दोघे पुढे झाले, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, खोली विचारली, आणि घेऊन गेले. डबा गंगारामकडे फेकला त्याने. त्यात भाजी तशीच.

त्याची बायको म्हणते, कुठे ठेवलाय तेसुद्धा सांगत नाहीत.

मामांकडे गेले नाही आज.

६ मे, रविवार

कॉटन ग्रीन. गोदामांच्या मधल्या चौकात. वाटलं आता बंद पडेल, पण शा. म्हणाली, बापाचं मी करते, नवरीचंही मीच करते. आणि केलं! एकदा मुंडासं चढवते, एकदा पदर घेते. गंगाराम मधे येऊन म्हणतो, "अहो, घरात बाप एक, लेक एक, आणि दोघांचा गळा एकच, ही महागाई!" लोक लोळले. मी हसून हसून डोळे पुसले. पोरगी सगळ्यांत पुढे आली, ह्याचा आनंद झाला. खोटं का लिहू? मग मनात आलं, पुढे आली कारण पुढचा गेला.

गाऱ्हाण्यात मामांनी भिकाजीचंही घेतलं, "जंय असात थंय" म्हणून. होय म्हणताना लोकांचा आवाज खाली आला.

छत्रीवाला होता. आज पन्हं नको म्हणाला.

८ मे

बाबल. सकाळी नळावर, अंगाला साबण लावलेला. नाव, बाप, खोली. मग धोतर तरी बदलू द्या म्हणत होता. ढोलकी खुंटीवर आहे, त्याची आई तिला हात लावू देत नाही.

दत्ता कामावर गेला नाही. मी भाकरी थापत होते. एकदम म्हणाला, "आये, मीच सांगितलं होतं मामांना. शालूचं नाव घेऊ नका म्हणून."

मी विचारलं, का रे?

"गर्दीत साध्या कपड्यांतले पोलीस असतात. पोरं स्टेजवर रंग फासून, टोपणनावं घेऊन उभी राहतात. आणि आपण गाऱ्हाण्यात बापाच्या नावासकट, खोलीसकट, देवाला पत्ता देतो. कोण कोण ऐकतं? भिकाजीला मी बोललो होतो. तो म्हणाला, देवाशी लपवाछपवी नको. मामाही म्हणाले, पुरुषांचं काय, बघतील. पोरीचं मात्र राहू दे. शाळेचं पत्र यायचंय. आणि तू..."

 भाकरी करपली.

पहिल्यांदा भिकाजी. मग बाबल. गाऱ्हाण्यातल्याच ओळीने. कचरूला कोणी हात लावला नाही. नाव घेऊ दिलं नाही ना त्याने.

दत्ताला सगळं नाही सांगितलं. इथे लिहिते. छत्रीवाल्याला मी माझ्या हाताने पन्हं दिलं आणि माझ्या तोंडाने खोली सांगितली. बोटाने कड पुसून पेला दिला त्याने.

११ मे

शा.ला सांगितलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होती. वाटलं ओरडेल. ती चिमटे तोंडात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजी, परळला माझं नाव नाही आलं ना, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. सगळ्यांची नावं, आणि मी बिननावाची उभी. तू कोळीवाड्यात ओरडलीस तेव्हा मला किती बरं वाटलं सांगू?"

म्हटलं, बये, बरं वाटायचं ते वाटून झालं. आता बोटीने गावी जा.

"पत्र आलं तर?"

"पत्र मी घेईन."

"आणि नवरी कोण होईल?"

मी तिच्या हातातलं लुगडं घेऊन दोरीवर टाकलं.

१३ मे, रविवार. अक्षय तृतीया

चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू. आरास मोठी केली. कलिंगडाचं कमळ, करंज्या, वाटली डाळ, आणि गौरीपुढे पुठ्ठ्याचा छोटा रंगमंच, त्यात कापडाच्या बाहुल्या. नवरी, ढोलकीवाला, पेटीवाला. पंचावन्न बायका येऊन गेल्या. सगळ्या बाहुल्या बघून वा वा करायच्या, मग ढोलकीवाल्यापाशी गप्प व्हायच्या. बाबलची आई आली. तिने त्या बाहुलीला कुंकू लावलं आणि ओटी न घेता गेली.

संध्याकाळी गिरगावात खेळ. मी गेले नाही. पहिल्यांदाच. ह्या वेळी मामांनी गाऱ्हाणं तोंडातल्या तोंडात घातलं, असं शेवंता सांगत होती. ढोलकी कोणीतरी नवखा वाजवत होता, आणि गंगारामने सगळ्यांना फार हसवलं. इतकं कधीच नव्हतं हसवलं म्हणे.

१५ मे

गंगाराम. न्हाव्याकडे. अर्धी दाढी झालेली.

आता ओळीत एकच नाव.

१७ मे

दत्ता धक्क्यावर जाऊन आला. वीस तारखेनंतर समुद्र खवळतो, मग बोटी बंद. परवाची तिकिटं मिळतील म्हणाला. शा. म्हणाली, वीसचा खेळ आपल्या चाळीत आहे, आपल्या अंगणात. तिथे नवरी नाही उभी राहिली तर भिकाजीदादांच्या बायकोला तोंड कसं दाखवू? दत्ता म्हणाला, तोंड दाखवायला राहशील तर. तिने ताट ढकललं. त्याने ढकललं. दोन ताटं मी झाकून ठेवली.

माझं काय मत विचारलं तर? कोणी विचारलं नाही. बोटीवर घालावी असं वाटतं, आणि नवरी बघावी असंही. हे मी कुणाला सांगू?

पोस्टमनला खिडकीतून विचारलं. तो नेहमी खालूनच हाक मारतो, "एकतीऽस!" आज नुसती मान हलवली.

१९ मे

बोट गेली. शा. गेली नाही.

धोंडूमामा आले. खाली बसले, टोपी मांडीवर. "बाय, उद्या माज्यान गाऱ्हाणां होवचा नाय. माज्या तोंडान तीन पोरां गेली." म्हटलं, चौथं नाव तर मीच घातलं तुमच्या तोंडात. मग आम्ही दोघं पानाचं तबक मधे ठेवून बसलो. पान कोणीच लावलं नाही.

गाऱ्हाण्याशिवाय खेळ चाळीत आजवर झालेला नाही. पण घातलं तरी पंचाईत.

२० मे, रविवार. दिवे लागले, आत्ताच वर आले

सगळं लिहून ठेवते.

अंगण भरलं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. कचरू पेटीवर, शा. नवरी, बाकी सगळी नवी पोरं. मामा नारळ हातात घेऊन उभे राहिले, आणि तोंडच उघडेना. लोक चुळबुळायला लागले. छत्रीवाला फाटकाशी होता. वही उघडी.

मी उठले. नारळ मामांच्या हातातून घेतला. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. कोणीतरी म्हणालं, "आजी, खाली बसा." कचरू म्हणाला, "घालू द्या."

मामांचंच सगळं म्हटलं, बारा गावच्या, बारा वेशीच्या. मग नावं. चाळ तीन, खोली एकपासून. नवरा, बायको, पोरं, पाहुणा असेल तर पाहुणा. खोली दोन. खोली तीन. तेहतीस वर्षं राहतेय इथे, कुठल्या खोलीत कोण निजतं मला झोपेत विचारा. "हेंचे गळे सांभाळ, हेंचे हात सांभाळ." होऽय म्हाराजा! आधी लोक हसले. मग समजलं त्यांना, सगळ्यांचीच नावं लिहिली तर उचलणार कुणाला. खोली दहाला होय असा उठला की गॅलऱ्या हलल्या. छत्रीवाला लिहीत होता. मान वर नाही. पानं उलटत होता. खोली वीसला त्याने लिहिणं थांबवलं. मी मनात म्हटलं, लिही बाबा, दमलास? पन्हं हवं?

मजा आली, देवा. खोटं कशाला बोलू.

खोली एकतीस आली. दत्ताराम म्हटलं. माझं नाव म्हटलं. आणि पुढे गेले, बत्तीस.

शा. नऊवारी नेसून उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे नाही बघितलं. देवाला ठाऊक असतं, मामा म्हणाले होते.

खेळ झाला. नथ कुठाय विचारलं आणि जो आवाज उठला तो समोरच्या गिरणीच्या भिंतीला जाऊन लागला.

सुटल्यावर चटई गुंडाळत होते. कट कट. तो माझ्यापाशी आला. वही मिटलेली. आवाजात राग नाही, काही नाही. म्हणाला, "आजी, एक नाव राहिलं तुमचं."

मी चटईची गाठ आवळली.

"असू दे," म्हणाला. "तुम्ही दिलेलं आहे माझ्याकडे. कोळीवाड्याच्या पानावर."

२१ मे, सोमवार

सकाळपासून तीन बायका भांडून गेल्या. खोली चौदाची म्हणाली, माझा नवरा पोस्टात आहे, तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्याचं नाव घ्यायला? खरं आहे तिचं. मी विचारलं नव्हतं कुणाला. काही पुरुष आज कामाला मागल्या बोळातून गेले. शेवंता बोलत नाही, पण वाटीभर डाळ ठेवून गेली.

दत्ता म्हणाला, "आये, सगळ्या चाळीला ओढलंस." मग थोड्या वेळाने, "बरं केलंस." मग पुन्हा, "काय केलंस तू?" आणि कामावर गेला.

शा. गेली नाही कुठे. न्हाऊन खिडकीत केस वाळवतेय. विचारलं मी तिला, राग आला का ग, नाव नाही घेतलं म्हणून? म्हणाली, "आला." मग हसली. नथ कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ठेव. परत लागेल."

तिला म्हटलं, शेवंताच्या मावशीकडे माहीमला जा चार दिवस. म्हणाली, पत्र आल्यावर जाते. पत्र आज येईल असं तिला आतून वाटतंय. मलाही वाटतंय काहीतरी येईल असं.

अकरा वाजले. पोस्टमनची वेळ. खाली पोरं खेळत होती, त्यांचा आवाज एकदम थांबला. जिन्यावर कोणीतरी चढतंय. पोस्टमन खालूनच हाक मारतो.

शा.ने केस बांधले.

पन्हं केलेलं आहे. दोन पेले काढून ठेवते.